मुलगी ९ वर्षांची, जिम्नॅस्टिक्समध्ये पुढे जायचंय: सरावाचे तास किती, आणि मनगटदुखीचं काय करावं?

पालक_नाशिक

नमस्कार मंडळी. मुलगी ९ वर्षांची, चौथीत आहे. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करते. यंदा जिल्ह्यात पहिली आली, विभागालाही खेळली. तिला देशाकडून खेळायचंय. ही ओढ तिची स्वतःची आहे, आमच्याकडून काही लादलेलं नाही.

सध्या आठवड्याला १२ तास सराव होतो. सर म्हणतात, एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ मिळून २४ तास करा, शाळेतून सकाळची सूट घ्या, नाहीतर या खेळाचं वय निघून जाईल. सर मेहनती आहेत, मुलांवर जीव लावतात. पण एवढी मोठी उडी योग्य आहे का, हे आम्हाला ठरवता येत नाही.

दुसरं म्हणजे फ्लिक (मागे हातांवर टेकून उलटी उडी) आणि व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून उडी) झाले की उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतं म्हणते. क्रेप बँडेज बांधून सराव चालू आहे. आणि तिसरं, कागदपत्रं आणि खर्चाच्या बाबतीत आत्तापासून काय सांभाळून ठेवावं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

बीम_आणि_बार

ताई, आधी "वय निघून जाईल" याबद्दल. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार मुलगी ज्या वर्षी १६ पूर्ण करते त्या वर्षापासून तिला सीनियर गटात खेळता येतं. १९९७ पासून हीच मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या मुलीला सीनियरच्या दारात पोचायलाच अजून सात वर्षं आहेत. दीपा कर्माकर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली तेव्हा नुकतीच २३ ची झाली होती, आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं सुवर्ण तिने २०२४ मध्ये, तिशीत मिळवलं. प्रणती नायक टोकियोला गेली तेव्हा २६ ची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना तर आठ ऑलिम्पिक खेळली. १० व्या वर्षी राज्यात पहिली येणं आणि २० व्या वर्षी भारतासाठी खेळणं, या दोन्हींची तयारी वेगळी असते. तुम्हाला दुसरी करायची आहे, तर घाई हाच मोठा धोका.

तासांचं साधं माप असं: आठवड्याचे तास मुलीच्या वयाच्या आकड्याच्या आसपास. जिम्नॅस्टिक्समध्ये हे थोडं ओलांडलं जातं, म्हणून ९-१० व्या वर्षी १० ते १२, ११-१२ ला १४ ते १६, १३ नंतर १८-२०. वाढवायचे तर एका शालेय सत्रात दोनच तास वाढवा. १२ वरून एकदम २४ केले तर स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण हाडं आणि त्यांच्या टोकाची वाढीची कूर्चा मागे राहतात. दुखणी उभी राहतात ती तिथेच. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. "त्या दिवशी फक्त स्ट्रेचिंग" म्हणजे सुट्टी नव्हे.

तासांपेक्षा त्या तासांत काय होतं हे जास्त महत्त्वाचं. तीन तासांच्या सत्राची विभागणी साधारण अशी असावी: वॉर्मअप ३० मिनिटं, दोन उपकरणं ४५-४५ मिनिटं, ताकदीचे व्यायाम ४०, लवचीकता २०. रांगेत उभं राहण्यात अर्धा तास जात असेल तर आधी ती रांग कमी करायला सांगा, तेवढ्यानेच दोन-तीन तास सुटतील.

या वयात कुठली कौशल्यं बघायची? डबल सॉल्टोचं (हवेत दोन कोलांट्या) नाव काढू नका. भिंतीशिवाय ३० सेकंद सरळ हँडस्टँड, कंबर न वाकवता, प्रेस हँडस्टँड (उडी न मारता, ताकदीने हातांवर उभं राहणं), पाय न वापरता दोर चढणं, बारला लटकून पाय सरळ ठेवून दहा लेग लिफ्ट. बारवर स्वच्छ किप (लटकत्या झोक्यातून बारच्या वर येणं) आणि तिथून हँडस्टँडपर्यंत कास्ट (पाय मागे वर फेकणं). हे पक्कं असेल तर जायंट (सरळ अंगाने बारभोवती पूर्ण फेरी) आपसूक येतो. हे कच्चं ठेवून जायंट शिकवला की मुलगी खांदे वाकवून फिरवते आणि ती सवय पुढे काढता काढता दोन वर्षं जातात.

गुणांचं गणितही समजून घ्या, म्हणजे निकाल पाहून मन खट्टू होणार नाही. अवघडपणाचे गुण शून्यापासून वर चढतात आणि सफाईचे १० मधून कापले जातात: लहान चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलं की पूर्ण १. बारवरचा कास्ट उभ्या रेषेपासून १० अंशांपेक्षा जास्त हुकला की ०.१, ३० च्या पुढे ०.३. समजा बीमवर (अरुंद तोल-पट्टीवर) एका मुलीचा अवघडपणा ३.२ आणि सफाई ८.०, बेरीज ११.२. दुसरी ३.८ घेऊन उतरली, एकदा पडली, पाय वाकले, सफाई ६.३, बेरीज १०.१. अवघड सेट (कसरतींचा क्रम) करूनही दुसरी मागेच. लहान वयोगटांत ठरवून दिलेले सेट असतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक सरांकडून जरूर मागून घ्या.

हॉलमध्ये एकदा शांतपणे बसून निरीक्षण करा. दोन गाद्यांच्या मध्ये फट आहे का (घोटा मुरगळण्याचं नेहमीचं कारण), बीमखाली गादी दोन्ही टोकांपर्यंत पोचते का, नवीन कौशल्य आधी पिटात (फोम भरलेल्या खड्ड्यात) किंवा मऊ गादीवर करून घेतात का, की थेट कठीण गादीवर. आणि पालकांना सराव बघायला कधीच बसू देत नसतील तर तो हॉल बदला. स्पॉटिंगमध्ये, म्हणजे प्रशिक्षक हाताने आधार देतात तेव्हा, हात लागतोच, पण कोणत्या कौशल्याला कुठे आधार देतात हे पालकाला माहीत असलं पाहिजे, आणि प्रशिक्षकाचे मेसेज मुलीला एकटीला न जाता पालकांच्या ग्रुपवर आले पाहिजेत.

---

फिजिओ_पुणे

मनगटाबद्दल. बँडेज आजच सोडा आणि आठवडाभर फ्लिक, व्हॉल्ट, हँडस्टँड पूर्ण बंद ठेवा. बँडेज बांधलं की आधार वाटतो, पण मनगट मागे वाकून त्यावर भार पडणं थांबत नाही, आणि दुखायला कारणीभूत तो भारच आहे.

अंगठ्याच्या बाजूचं हाड म्हणजे रेडियस. त्याच्या मनगटाकडच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. तिच्यावर वारंवार दाब पडला की ती सुजते आणि रुंदावते. दुर्लक्ष केलं तर त्या हाडाची वाढ अडते, शेजारचं अल्ना हे हाड लांब होतं आणि करंगळीच्या बाजूला कायमचं दुखणं मागे लागतं. घरी तपासायला सोपं आहे: दोन्ही मनगटांच्या सांध्याच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला हाडावर बोटाने दाबा. एकीकडेच कळ आली, किंवा तळहात टेबलावर टेकवून पुढे झुकल्यावर दुखलं, तर लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही मनगटांचा एक्स-रे एकत्र काढा, तुलना करता येते. कूर्चेवर ताण दिसला तर सहा आठवडे किंवा अधिक, हातावर भार बंद. त्या काळात बारला लटकणं, पोट-पायांची ताकद, बीमवरच्या उड्या आणि वळणं चालतात, दुखत नसेल तरच. परतताना आधी पॅरालेटवर (जमिनीवर ठेवलेल्या छोट्या दांड्यांवर) हँडस्टँड, कारण तिथे मनगट सरळ राहतं. मग सपाट जमिनीवर, आणि फ्लिक सगळ्यात शेवटी.

पुढच्या पाच वर्षांत अजून तीन जागा लक्षात ठेवा. टाच: लँडिंगनंतर दोन्ही टाचा दुखतात, सकाळी लंगडते. जेल हील कप आणि कठीण गादीवरची लँडिंग निम्म्यावर आणणं यावर बहुतेकदा भागतं. कंबर: एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर एका बाजूला दुखलं तर मणक्याच्या मागच्या भागावर ताणाची चीर असू शकते. ती साध्या एक्स-रेत बरेचदा सुटते, एमआरआय लागतो, आणि मागे वाकणं साधारण तीन महिने बंद ठेवावं लागतं. याचं मूळ अनेकदा ब्रिजमध्ये (हातापायांवर मागे वाकून केलेली कमान) असतं. खांदे उघडत नाहीत म्हणून सगळा बाक कमरेच्या एकाच मणक्यावर येतो. पाय ३०-४० सेंमी उंच ठोकळ्यावर ठेवून खांदे हातांच्या पुढे ढकलायला शिकवलं की कंबर वाचते. तिसरं, स्प्लिट. कोणी पाठीवर बसून दाबत असेल तर लगेच थांबवा. नितंबाखाली टक् असा आवाज आणि तीव्र कळ म्हणजे स्नायूने हाडाचा तुकडा ओढून काढलेला असू शकतो.

दर तीन महिन्यांनी सकाळी, भिंतीला टेकवून उंची मोजून लिहा. तीन महिन्यांत २ सेंमीच्या जवळ वाढ दिसली की समजा उंचीची उसळी आली. त्या काळात जमलेली कौशल्यंही बिघडतात, कारण हातापायांची लांबी आणि तोल बदलतो. ते महिने नवीन अवघड कौशल्यांचे नाहीत. उड्यांची संख्या कमी, ताकद आणि सफाई जास्त.

जेवणात कपात अजिबात नको, आणि हॉलमध्ये वजन करून फळ्यावर लिहिण्याची पद्धत असेल तर तिला ठाम नकार द्या. सरावाआधी तासभर केळं किंवा तूप-गूळ-पोळी, संपल्यावर अर्ध्या तासात दूध किंवा अंडं, सोबत फुटाणे-गूळ. या वयाला दिवसाला साधारण ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १० ते १२ ला ८५० आणि १३ नंतर १,०००. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिळतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, चहा जेवणाबरोबर नको. पंधरावं वर्ष सरलं तरी पाळी आली नाही, किंवा येऊन तीन महिने थांबली, तर "जिम्नॅस्टना असं होतंच" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. झोप ९ तासांच्या खाली गेली तर सकाळचं सत्र रद्द. २४ तासांच्या योजनेत सगळ्यात आधी झोपच कापली जाते.

---

क्रीडा_कागद

कागदांचं थोडक्यात. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दप्तरात नाव-जन्मतारीख अक्षरशः एकच हवी; चूक असेल तर आत्ता चौथीत दुरुस्त करा, पुढे निवडीच्या वेळी याच एका कारणाने मुली अडकतात. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालपत्रक आणि प्रवेशिकेची प्रत स्कॅन करून ठेवा, कारण नंतर पडताळणीत आयोजक सापडत नाहीत.

शालेय स्पर्धा (जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय) आणि राज्य संघटनेमार्फत होणाऱ्या स्पर्धा या दोन वेगळ्या वाटा आहेत. राष्ट्रीय संघाचा रस्ता दुसरीतून जातो, म्हणून तिथलीही नोंदणी करा. दहावी-बारावीतले क्रीडा गुण शाळेमार्फत, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या पडताळणीने मिळतात. शासकीय नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणासाठीही प्रमाणपत्राची पडताळणी लागते. खेलो इंडियात निवड झाली तर खेळाडूला वर्षाला १,२०,००० रुपये हातखर्च मिळतो. पण ती निवड होईपर्यंतचा खर्च घरचाच, हे धरून वार्षिक अंदाजपत्रक करा आणि त्यात फिजिओ व बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास वेगळा मांडा.

औषधांबाबत एकच: स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला सर्दी-खोकल्याचं औषधही "नो युवर मेडिसिन" या नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) ॲपवर बघूनच द्या. अज्ञात पावडरी, "शक्तिवर्धक" चूर्णं नकोतच.

---

पालक_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. मनगट दाबून पाहिलं, उजवीकडेच दुखतं. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सरांना वाईट न वाटता हे कसं सांगावं? आणि ग्रिप (बार धरताना हातात घालायच्या चामडी पट्ट्या) आत्ता घ्यायच्या का?

---

बीम_आणि_बार

हॉलमध्ये सगळ्यांसमोर नको. सराव नसताना वेळ मागून भेटा. "तास कमी करा" असं न म्हणता डॉक्टरांची चिठ्ठी पुढे ठेवा आणि विचारा, "सर, हे सहा आठवडे हातावर भार न घेता काय काय करून घेता येईल?" चांगला प्रशिक्षक लगेच पाय, पोट, उड्या, नृत्याचा भाग अशी यादी देतो. मग वर्षभराचा आराखडा मागा: कोणत्या स्पर्धा, कोणतं कौशल्य कधी, विश्रांतीचे आठवडे कोणते. घरी मात्र तिच्या चुका तुम्ही सुधारू नका. ते सरांचं काम आहे, दोघांकडून सूचना आल्या की मुलगी बीमवर अडखळते.

ग्रिप मनगट बरं झाल्यावर, कास्ट हँडस्टँडपर्यंत पोचायला लागला की. मुलींच्या अनइव्हन बारच्या ग्रिपला दोन बोटांची भोकं असतात. मुलांच्या हाय बारच्या तीन भोकांच्या घेऊ नका. माप हाताच्या लांबीवरून घ्या आणि वाढत्या हाताला म्हणून मोठ्या कधीच नको. सैल किंवा ताणलेल्या ग्रिपची घडी बारवर अडकते आणि हात फिरायचा थांबतो, त्यातून हाताचं हाड मोडतं. आत कापडी रिस्टबँड हवाच. नव्या ग्रिप पहिले दोन आठवडे फक्त झुल्यांना वापरा, स्पर्धेला जुन्याच. चामड्याला चीर दिसली की त्या दिवसापासून बाद. तोवर तळहातावरचे घट्टे आंघोळीनंतर प्युमिस दगडाने सपाट करा आणि रात्री खोबरेल लावा, म्हणजे सोलून निघणार नाहीत.