दहा होलच्या बाज्यावर (माउथऑर्गनवर) तिसरी पोझिशन कधी घ्यावी?

खिशातला_बाजा: सी कीचा माउथऑर्गन आहे. पहिल्या पोझिशनमध्ये (बाज्याच्याच कीला, म्हणजे सी ला, सा मानून) गाणी बसली आहेत. दुसरीत (जी ला सा मानून) ४ ओढ आणि ६ ओढ, म्हणजे त्या होलांतून श्वास आत ओढून येणारे सूर, बेंड होतात (तोंडाच्या आकाराने खाली उतरतात), ३ वर मात्र सूर मध्येच अडकतो. दुसरी पक्की झाल्याशिवाय तिसरीला हात लावू नये म्हणतात. खरं का?

पांढरी_दोन: अर्धं खरं. मधल्या सप्तकात तिसरीला एकही बेंड लागत नाही. सा म्हणजे ४ ओढ (डी, पांढरी दोन). पुढे ५ फुंक, ५ ओढ, ६ फुंक, ६ ओढ, ७ ओढ, ७ फुंक, ८ ओढ. झाला काफी थाट. आजच सुरू करा. अडखळाल ते सातव्या होलवर. सहापर्यंत प्रत्येक होलात फुंक खालचा सूर देते आणि ओढ वरचा, सातपासून ते उलटं होतं. म्हणून ६ ओढीनंतर श्वास न बदलता ७ ओढ.

दुसरी खोड: पहिल्या पोझिशनच्या सवयीने ४ किंवा ७ फुंकीवर विसावा घेतला जातो. इथे तो कोमल नी, चाल लोंबकळत राहते. तंबोरा डी वर लावूनच बसा.

खालचं सप्तक मात्र थांबू द्या. १ ओढीपासून निघालात की कोमल ग साठी २ ओढ आणि प साठी ३ ओढ, दोन्ही पूर्ण स्वराने उतरवावे लागतात. पंचमच हलला तर काय उरलं?

खिशातला_बाजा: ३ चा बेंड बसला हे कसं ओळखायचं?

पांढरी_दोन: त्या होलात तीन बेंड आहेत: बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट. आपल्याला मधला हवा. ६ ओढ वाजवा, तोच ए एक सप्तक वर आहे. तो कानात धरून ३ वर या. सरळ सुरावरून घसरत आलात तर तो बसला असं मानू नका, थेट उतरता यायला हवं. ट्यूनरवर १० सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत, चार मात्रा स्थिर, दहांपैकी आठ वेळा. अडकतो तेव्हा बहुधा ओढ जोरात असते. पत्ती (आतली सूर देणारी पट्टी) गुदमरते. हवा कमी करा, जबडा सैल सोडा, जीभ मागे न्या.

ओढाताण: क्रमांकाच्या मागे कशाला लागायचं? चाल कुठली वाजवायची ते आधी ठरवा. यमनाला बारावी: ५ ओढ सा, ७ ओढ तीव्र म, ९ ओढीपर्यंत बेंडशिवाय. भैरवीला पाचवी: ५ फुंक सा, ८ फुंकीपर्यंत, तीही बेंडशिवाय. ब्लूज हवं असेल तर मात्र आधी दुसरीच, २, ३, ४ ओढीच्या बेंडसकट.

बारावीसाठी बाजा बघून घ्या. जस्ट ट्यूनिंगमध्ये (सूर साध्या गुणोत्तरांनी जुळवलेले) ओढीचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) गोड लागावा म्हणून ५ आणि ९ ओढ मुद्दाम उतरवलेली असते, आणि बारावीत तोच तुमचा सा. ली ऑस्कर कंपनीसारखा इक्वल टेम्परामेंटचा (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला) बाजा असेल तर ही अडचण नाही.