अनुभव धागा: मसल क्रूझर पहिल्यांदा हातात आली तेव्हा

घाटवाट (सातारा)

परवा खंबाटकी उतरून चहाला थांबलो, तर टपरीशेजारी ट्रायम्फची रॉकेट 3 उभी. मसल क्रूझर, म्हणजे लांब, जड आणि भलत्या ताकदीची मोटरसायकल. मालक निवांत भजी खातोय आणि अख्खी टपरी गाडीभोवती. एक आजोबा मागच्या टायरवर आडवी वीत टाकून माप घेत होते. वीत पुरी पडेना. टायर 240 मिलिमीटर रुंद, पडेल कशी?

ही गाडी 2458 सीसीची, सिलिंडर तीन. म्हणजे एकेक सिलिंडर 819 सीसीचा. आमच्या घरच्या मारुती 800 चं सगळं मिळून इंजिन 796 चं होतं, आणि त्यात आई-बाबा, आम्ही तीन भावंडं आणि मांडीवर गणपती एवढे बसून यायचो.

मागच्या हिवाळ्यात मित्रानं हीच गाडी घाटापुरती चालवायला दिली होती. पुण्याकडून चढताना सहावा गिअर, वेग साठच्या आसपास, पुढे सळया भरलेला ट्रेलर. सवयीनं डावा पाय गिअर उतरवायला गेला, पण त्याआधीच मनगट जरासं वळलं होतं. ट्रेलर आरशात दिसायला लागला. इंजिन किंचाळलं नाही, काही नाही. गाडी सरकली आणि पोट मागं राहिलं. 221 न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर), तोही 4000 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे), हे आकडे मी आधी दहा वेळा वाचले होते. वाचून काही कळत नाही.

रॉकेट, डुकाटीची डायवेल, यामाहाची व्हीमॅक्स, हार्लेची फॅट बॉय, जे चालवलं असेल त्यावर लिहा. नुसती बघितली असेल तरी लिहा. किमतीवर भांडण नको, ते आपण घरी करतोच.

विटेकर

आमचा गलाईचा (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा) धंदा कोइमतूरला. तिथं सेकंडहँड रॉकेट घेतली आणि दिवाळीला चालवत गावी आणली. हायवेवर बेंगळुरूपासून कोल्हापूरपर्यंत राजासारखा आलो. इज्जत गेली ती घरच्या अंगणात.

आईनं सकाळीच अंगण सारवलेलं. मी साइड स्टँड लावला, उतरलो, हेल्मेट काढतोय तोवर स्टँड हळूहळू जमिनीत. तीनशे किलोच्या आसपासचा ऐवज, एकदा कलला की आपण फक्त बघायचं. तुळशीकट्ट्याला टेकून थांबली म्हणून टाकी वाचली. कट्ट्याचा कोपरा गेला. आई गाडीबद्दल एक शब्द बोलली नाही, तुळशीबद्दल दोन दिवस बोलत होती.

उचलायला चौघं लागले. आबा बाजूला उभं राहून बघत होते. मी त्यांना टॉर्क, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांड्यानं फिरणारं चाक) सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे ट्रॅक्टरच हाय की ही." चिडलो तेव्हा, पण खरंच आहे. पन्नासच्या आतल्या एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो तो काय पळण्याच्या जोरावर नाही. ही फक्त पळतेसुद्धा.

आता बॅगेत कायम कडप्प्याचा तुकडा असतो, स्टँडखाली घालायला.

मिरजेची मी

उंची पाच फूट एक. रोजची गाडी कावासाकीची व्हल्कन एस, सीट 705 मिलिमीटर, दोन्ही पाय पूर्ण टेकतात. जड गाडी म्हणजे बाईमाणसाचं काम नाही म्हणणाऱ्यांनी आधी सीटची उंची बघावी. वजन खाली असलं की चालताना जाणवत नाही. जाणवतं ते उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागं ढकलताना. तिथं मी सरळ कुणालातरी हाक मारते, लाज कसली.

पुण्याचा मामेभाऊ डायवेल व्ही4 (व्हीच्या आकारात चार सिलिंडर) घेऊन आला होता, तेव्हा सांगलीच्या विश्रामबागपर्यंत चालवली. मे महिना, दुपार. सिग्नलला थांबले आणि आवाज एकदम बदलला. वाटलं, बंद पडतेय, आता भाऊ वर्षभर चिडवणार. मग कळलं की थांबल्यावर मागचे दोन सिलिंडर ती आपोआप बंद करते, मांड्या कमी भाजाव्यात म्हणून. (कमी. भाजतातच.) डायवेल म्हणजे बोलोन्याच्या बोलीत सैतान. शेजारच्या स्कूटीवरच्या काकांनी विचारलं, "गाडी कुणाची, बाळ?" म्हटलं, सैतानाची.

जुना राजदूत (सातारा)

गाड्या छान आहेत, बघायला. पण यवतेश्वरच्या वळणावर एकाला अशी लांबुडकी गाडी नांगर वळवावा तशी वळवताना पाहिलंय. तोवर किटल्या अडकवलेला दूधवाला वर पोचला होता. पावसाळ्यात धुकं, शेवाळ, कासला जाणारी गर्दी. त्यात 221 चं करायचं काय, लोणचं?

घाटवाट

राजदूतकाका, बरोबर. त्या दिवशी घाटात मीही मूठ पावसुद्धा पिळली नव्हती. मला मजा त्याचीच वाटली. उरलेली पाऊण मूठ शिल्लक आहे हे माहीत असणं.

कृष्णाकाठ (सांगली)

मला ती पाऊण मूठ पिळायला मिळाली. मस्कतला नोकरीला असताना सहकाऱ्याची जुनी यामाहा व्हीमॅक्स, 1985 ला आलेल्या पिढीतली, 1198 सीसी व्ही4. तिची तऱ्हा रॉकेटच्या उलट. खाली शहाण्यासारखी चालते. सहा हजार आरपीएमच्या आसपास व्ही-बूस्टच्या झडपा उघडतात, एका सिलिंडरला दोन कार्ब्युरेटर पाजायला लागतात, आणि मागून कुणीतरी दुसरा धक्का देतं. सरळ रिकामा रस्ता होता म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. आपल्या पेठ नाक्याच्या रस्त्यावर ते धाडस केलं नसतं.

गंमत म्हणजे तिची टाकी टाकी नव्हेच. पेट्रोल सीटखाली. आणि बाजूचे ते दणकट हवेचे भोंगे निव्वळ शोभेचे. तरी लोक त्या भोंग्यांनाच हात लावून बघायचे.

विटेकर

घाटवाट, त्या टायर मोजणाऱ्या आजोबांचं पुढं काय झालं?

घाटवाट

मालकाला विचारलं, "ॲव्हरेज?" तो म्हणाला, पंधरा. आजोबांनी टायरवरचा हात काढून घेतला. "म्हशीपरीस खाती," म्हणाले, आणि चहा पिऊन स्प्लेंडरवर निघून गेले.