मदत हवी आहे: एल्क हेअर कॅडिसचे केस गळाभोवती फिरतात

नमस्कार मंडळी, काही महिन्यांपासून फ्लाय (मासेमारीसाठी गळावर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा) बांधायला शिकतोय. वूली बगर, फेझंट टेल निम्फ हे प्रकार जमायला लागलेत, पण एल्क हरणाच्या केसांचा पंख असलेल्या एल्क हेअर कॅडिसपाशी गाडी अडली आहे. 14 नंबरच्या गळावर अंग आणि हॅकल (भोवती गुंडाळलेलं पीस) नीट बसतं. शेवटी केसांचा झुपका ठेवून दोरा आवळला की केस दांडीभोवती गोल फिरतात, अर्धे थेट पोटाखाली.

झुपक्यातली बारीक लव विंचरून काढतो, स्टॅकर नावाच्या नळीत टोकं जुळवतो, पहिले दोन वेढे सैल घेऊन मगच ओढतो. तरी तेच. दोरा 8/0 आहे, जरा जोर दिला की तुटतो. त्याहून जाड 6/0 घेऊ का? की आधी दांडीवर दोऱ्याचा थर देऊन वर थेंबभर सिमेंट (फ्लाय बांधायचा गोंद) लावू? केस धरलेली चिमूट नेमकी कधी सोडायची, हेही कळत नाही.

परवा संध्याकाळी नदीवर मासे पाण्यावरचे किडे सपासप टिपत होते. माझी फ्लाय मात्र फ्लोटंट (तरंगत ठेवणारं द्रव्य) लावूनही चौथ्या फेकीला कुशीवर कलंडली आणि बुडाली. फार जीव तुटला. हे वाकड्या पंखामुळेच होत असेल ना? की हॅकल विरळ पडतंय?

कुणी हा टप्पा पार केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.