बाजारभावाच्या पानाला रिॲक्ट हवंच कशाला?

काळी माती

भांडणाचा विषय आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: माझं स्वतःचं पोट रिॲक्टवर, म्हणजे वेबपानं ब्राउझरात बांधायच्या तयार साधनावर, चालतं.

आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या, बाजार समित्या, जिनिंगवाले, संत्र्याचे व्यापारी, सगळ्यांना आता वेबसाइट पाहिजे आणि ती करून देणारी आपलीच पोरं आहेत. चांगलंच आहे. पण नुकतीच अशी एक साइट पाहिली. आधी पांढरं पान, मग गरगर फिरणारं चक्र, मग संचालक मंडळाच्या फोटोंचा स्लायडर. तुरीचा आजचा दर? मेनूत आत कुठेतरी, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये.

दराच्या पानावर असतं काय? शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. पाच रकाने, दिवसातून एकदोनदा बदलणारे. एवढ्यासाठी आपण ब्राउझरला रिकामं डिव्ह (नुसती मोकळी चौकट) पाठवतो, मागून जावास्क्रिप्ट (ब्राउझरात चालणारा प्रोग्राम) पाठवतो, आणि ती चालू झाली की दर मागायला पुन्हा सर्व्हरकडे जाते. नुसते हेलपाटे. सर्व्हरनं तयार एचटीएमएलचं (पानाचा मजकूर मांडायच्या साध्या भाषेतलं) टेबल पाठवलं तर पहिल्याच फेरीत दर हातात. प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट ही कल्पना २००३ सालची: आधी मजकूर, मग सजावट, मग हालचाल, वरचं कोसळलं तरी खालचं उभं राहायला हवं. आपण ती पार उलटी करून ठेवली.

माझं मत सरळ आहे. जे पान फक्त वाचायचं, त्याला ब्राउझरात चालणारं फ्रेमवर्क, म्हणजे रिॲक्टसारखा तयार सांगाडा, लावू नये. बोला.

पुसदचा पोट्टा (सध्या पुण्यात)

भाऊ, हे भांडण जुनं झालं. रिॲक्ट २०१३ मध्ये आलं, तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलं. रिॲक्टवरच उभारलेली नेक्स्टसारखी फ्रेमवर्क सर्व्हरवरच एचटीएमएल बनवतात, नाहीतर बिल्ड करतानाच, म्हणजे साइट चढवण्याआधीच, पानं तयार करून ठेवतात. आजही रिकामं डिव्ह पाठवत असेल कुणी, तर तो त्याचा आळस. रिॲक्ट १८ आणि ते पडद्यावर उतरवणारं रिॲक्ट-डॉम मिळून, दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवलं तर साधारण ४०-४५ केबी. तुमच्या त्या संचालक मंडळाचा एक फोटो याहून जड असेल.

आणि पोटाचं काय? यवतमाळ-वाशीमकडच्या पोराला मुलाखतीत कुणी 'टेबल टॅग येतो का' विचारत नाही. गावच्या छोट्या कामांवरच त्याचा हात बसतो. तिथंही साधं एचटीएमएलच लिहायला लावाल, तर त्यानं रिॲक्ट शिकायचं कुठं?

काळी माती

केबी-केबीत फरक असतो. फोटोचा केबी पिशवीतून काढून थेट खायचा, जावास्क्रिप्टचा आधी दळून आणायचा. ती वाचा, कंपाइल करा, चालवा, आणि हे सगळं फोनच्या प्रोसेसरवर. तुझ्या लॅपटॉपवर ते जाणवतही नाही. स्वस्तातल्या फोनवर मात्र तेवढा वेळ बोट दाबलं तरी पान ढिम्म. गूगलनं मार्च २०२४ मध्ये पान किती चटकन प्रतिसाद देतं हे मोजायचं एफआयडी हे जुनं माप बाजूला ठेवून आयएनपी हे माप आणलं, ते बोट लावल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा पूर्ण वेळ मोजतं. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. नेक्स्टनं तयार पान दिलं तरी हायड्रेशनची, म्हणजे त्या तयार पानात हालचाल भरणारी, जावास्क्रिप्ट मागून येतेच. पाच रकान्यांत हायड्रेट करायला आहे काय?

शिकण्याचं म्हणशील, तर एचटीएमएलचा पाया नसलेली पोरं बटन टॅगच्या जागी डिव्हला ऑनक्लिक (दाबल्यावर काय करायचं ते) लावून मोकळी होतात. कीबोर्डनं तिथं पोचता येत नाही, टॉकबॅक (अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) त्याला बटन म्हणत नाही. ही सवय पुण्यात जाऊन सुटते असं नाही.

वऱ्हाडी बाणा

मी काई कोडर नाई राजेहो, कास्तकार आहो. तुमचं ते हायड्रेशन-फायड्रेशन मले समजत नाई. पन येक सांगा, दुपारच्या उनात वावरात फोन काढला का पांढऱ्यावर फिक्कट करडी अक्षरं. हे कोन्या शहाण्याले सुचते? अन् आकडे येवढे बारीक का चष्मा घरी राह्यला त सोयाबीनचा भाव तुरीचा समजून बसाव. बोट लावाले गेलो का बाजूचंच उघडते.

सेतूवाली ताई

दादा बोलले ते तुम्हा दोघांच्याही आधी यायला हवं होतं. बीसीए करून तालुक्याला सेवा केंद्र टाकलंय, त्यामुळे दोन्ही बाजू रोज दिसतात. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची नियमावली, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक) मागते. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात तोही तोकडाच. पांढऱ्यावर जवळपास काळंच ठेवा. तिच्याच ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत बोटाच्या जागेला किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (सीएसएस म्हणजे पानाची सजावट सांगणारी भाषा, तिचं माप) सांगितलेत. मी म्हणेन ४४ च्या खाली जाऊच नका. शेतात काम केलेली बोटं आहेत ती.

फॉर्मबद्दल तर कुणी बोलतच नाही. लोक मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत लिहितात. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला '९८' दिलं की उत्तर येतं नॅन, म्हणजे हा आकडाच नाही. मग लाल अक्षरात 'अवैध क्रमांक', आणि समोरचा आजोबा पुन्हा पुन्हा तोच बरोबर नंबर तपासत बसतो. देवनागरी आकडे घ्या आणि आतल्या आत बदला, दोन ओळींचं काम आहे. दाखवताना जावास्क्रिप्टमध्येच असलेल्या इंटलच्या (Intl) नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' (mr-IN, भारतातली मराठी) सांगितलं की १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट येतं, लायब्ररी लागत नाही. रिॲक्ट असो नाहीतर नसो, हे कुणीच करत नाही.

अक्षरवेडा

थोडं अक्षरांचंही ऐका. पानाच्या लँगमध्ये (पानाची भाषा सांगायची जागा) इंग्रजी तसंच राहून जातं. तिथं 'एमआर' (mr) लिहा. फॉन्टात तशी सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. टॉकबॅकलाही मराठी आवाज निवडता येतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) इंग्रजीच्या हिशेबानं ठेवली की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात, १.६ च्या आसपास ठेवा. आणि हात जोडून विनंती, देवनागरीला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जादा अंतर) देऊ नका. शिरोरेषा तुटून ठिपक्यांची रांग होते.

काळी माती

मान्य. फक्त फॉन्ट फोनमधलाच वापरावा. अँड्रॉइडमध्ये गूगलचा नोटो देवनागरी फॉन्ट असतोच, डाउनलोड शून्य.

अक्षरवेडा

इथंच आपलं जमत नाही. सगळा गाव एकाच नोटोत? जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा जड असतो हे खरं, पण रेग्युलर आणि बोल्ड अशी दोनच वजनं घ्या, वॉफ२ या दाबलेल्या फॉन्ट-फाइलमध्ये, फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप ठेवून. मग आपला फॉन्ट उतरेपर्यंत नोटोत मजकूर दिसतोच. तुमच्या त्या प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंटमध्ये सजावटीचा थर होता ना? मग शेतकऱ्याच्या पानालाच सजावट नको असं का?

मेळघाट-फिरस्ता

मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांत मी नोंदींचं काम पाहतो. सर्व्हरनं तयार पान द्यायचं तर आधी सर्व्हरपर्यंत पोचायला हवं. तिथं कित्येक ठिकाणी टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. आमचा फॉर्म सर्व्हिस वर्करमुळे (पान फोनवर साठवून ठेवणारी जावास्क्रिप्ट) नेटशिवाय उघडतो, नोंद इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरातल्याच साठवणीत) पडते आणि रेंज आली की वर जाते. सगळा खेळ जावास्क्रिप्टचाच. 'आधी एचटीएमएल' हे रस्त्यावरच्या गावांचं तत्त्वज्ञान झालं.

काळी माती

नोंदीचं ॲप आणि वाचायचं पान या दोन वेगळ्या गोष्टी, मी दुसरीबद्दल बोलतोय. तरी सर्व्हिस वर्कर वाचायच्या पानालाही लावावा असं मला वाटतं. ती छोटी फाइल असते, फ्रेमवर्क मागत नाही. पण तो बसतो पहिल्या भेटीनंतर. ती पहिली भेट अशक्त रेंजवर पार पडायची असेल तर पान हलकंच लागेल. आणि साठवलेला दर दाखवताना तारीख दराएवढ्याच ठळक अक्षरात हवी. परवाचा कापसाचा भाव आजचा समजून कुणी गाडी भरली तर शिव्या आपल्याला.

पुसदचा पोट्टा (सध्या पुण्यात)

तारखेचं पटलं. पण तुम्ही सगळे पान उघडणाऱ्याचंच बोलताय, भरणाऱ्याचं कोण बोलणार? दर पीडीएफमध्ये का असतात? कारण कारकुनाच्या टेबलावर स्कॅनर आहे आणि वेबसाइटवाल्यानं त्याला भरायला स्क्रीनच दिलेली नाही. लिलाव आटोपला की तो रजिस्टरचं पान स्कॅन करून टाकतो आणि मोकळा होतो. त्याला अशी स्क्रीन द्या की कालचे शेतमाल आधीच भरलेले असतील, एंटर मारला की पुढचा रकाना येईल, आणि किमान दर कमालपेक्षा जास्त पडला तर तिथंच टोकेल. ती मी रिॲक्टमध्ये करीन आणि कुणाचं ऐकणार नाही. तिच्यातून निघालेलं लोकांचं पान घ्या तुमचं साधं एचटीएमएल.

काळी माती

हा सौदा मंजूर. स्क्रीन तुझी, पान माझं. आता अडलंय ते एवढंच की पाच रकाने अरुंद फोनवर मावत नाहीत. टेबल आडवं सरकवायचं, की सीएसएसनं प्रत्येक शेतमालाचं वेगळं कार्ड करायचं?

पुसदचा पोट्टा (सध्या पुण्यात)

कार्ड. हल्ली सगळे तेच करतात.

सेतूवाली ताई

कार्डात दोन दरांची तुलना होत नाही, सारखं वरखाली करावं लागतं. टेबलच ठेवा, शेतमालाचा पहिला रकाना स्टिकी करा, म्हणजे बाकीचं सरकलं तरी तो जागेवर राहील.

वऱ्हाडी बाणा

आडवं-फाडवं काई सरकवाले लावू नका. आवकीचा रकाना काढून टाका, मले भाव पायजे. तेवढी जागा आकडे मोठे कराले वापरा.

सेतूवाली ताई

आवक काढू नका हो दादा. आवक वाढली की उद्याचा भाव कुठं जाईल ते त्यातूनच कळतं. काढायचाच तर कमाल दर काढा. तो एखाद्याच ढिगाला मिळतो, आणि सगळे घरून निघतात त्याच्यावर भरवसा ठेवून.