‘आम्ही नाही का केलं?’ म्हणणाऱ्या सरांना: मेडिसिनच्या रेसिडेन्सीबद्दल

ओपीडी_सोमवार
काल इथे एका ज्येष्ठ सरांनी लिहिलं की एमडी मेडिसिनची हल्लीची मुलं, म्हणजे एमबीबीएसनंतर हॉस्पिटलात ड्यूटी करत शिकणारे रेसिडेंट डॉक्टर, नाजूक झालीत, ड्यूटीचे तास मोजतात, आणि तास मोजणाऱ्याला पेशंट कधी कळत नाही. तिथेच उत्तर द्यायला बसलो, लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

सर, तास आम्ही नाही मोजले, सरकारने मोजले. १९९२च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारण १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. तेव्हा मी बालवाडीत होतो. २०२३च्या नियमावलीत त्याचं झालं ‘वाजवी तास’. वाजवी कोणाच्या हिशोबाने? २०२४मध्ये वैद्यकीय आयोगाच्याच टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तास सुचवले. म्हणजे कागदावरचा आकडासुद्धा वाढलाच!

पण माझं मुख्य भांडण तासांशी नाही, कामाच्या रचनेशी आहे. सगळं युनिटवर, म्हणजे एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखालच्या तुकडीवर बसवलेलं. युनिटची इमर्जन्सी म्हणजे सकाळी ८ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८, येईल तो पेशंट आपला. लगेच पोस्ट-इमर्जन्सीचा राउंड, म्हणजे रात्री घेतलेले सगळे पेशंट पुन्हा बघायचे, पोरं तीच. एका पावसाळ्यात आम्ही एका इमर्जन्सीला ४० ॲडमिशन घेतल्या. डेंग्यू, लेप्टो, मध्येच कोणी कीटकनाशक प्यालेला. त्यातल्या १० जणांच्या छातीला मी नीट स्टेथोस्कोप लावला असेल. बाकीच्यांचे फक्त फॉर्म भरले.

जुना_रजिस्ट्रार
ती पोस्ट माझी. ‘नाजूक’ मागे घेत नाही.
हार्ट फेल्युअरचा पेशंट रात्री २ला धापा टाकत येतो. लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) देता, ऑक्सिजन लावता. सकाळी ७ला तोच माणूस उताणा पडून चहा मागतो. मधले ५ तास ज्याने खाटेशेजारी काढले त्यालाच मेडिसिन येतं. शिफ्ट लावा, म्हणजे धाप एकाने बघायची आणि चहा दुसऱ्याने. अमेरिकेनेही २०११ला पहिल्या वर्षाच्या मुलांना सलग १६ तासांची मर्यादा घातली आणि २०१७ला काढून टाकली. गंमत म्हणून काढली का?

ओपीडी_सोमवार
अर्धीच गोष्ट सांगितलीत. १६ गेले, पण २००३पासूनची आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे तशीच आहे. सलग २४ तासांच्या वर फार तर ४, तेही मुख्यतः ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवायला. तेवढंच आणा इकडे, मी धागा बंद करतो.
आणि तुमचे ते मधले ५ तास? मी बघितलेच नाहीत. मी रक्तपेढीच्या खिडकीशी उभा होतो.

नाइट_सिस्टर
आता सगळे मामांवर, म्हणजे वॉर्डबॉयवर घसरतील, म्हणून आधीच सांगते. आमच्याकडे रात्री ३ वॉर्डांना मिळून १ मामा. तो ट्रॉली ढकलेल, ऑक्सिजनचा सिलिंडर आणेल की तुमचे बल्ब (रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या) लॅबला नेईल?

पेशंटचा_मुलगा
रांगेत डॉक्टर? आमच्या वेळी रांगेत मी होतो. बाबांचे बल्ब हातात देऊन ‘तळमजल्यावर पळा’ म्हणाले. पळालो. लॅबवाला म्हणे लेबल नाही. परत वर, पुन्हा बाबांना टोचलं. ती डॉक्टर पोरगी माझ्यावरच ओरडली. मीही ओरडलो. नंतर बघतो तर ती जिन्यात बसून बिस्किट खात होती, डोळे लाल. तुमची युनिटं आणि शिफ्ट मला कळत नाहीत. दोन वेळा टोचलेलं कळतं.

जुना_रजिस्ट्रार
बल्ब आम्हीही खिशात घालून नेले. मलेरियाच्या जंतूची रिंग मी पहिल्यांदा पाहिली ती तिथेच, रात्री ३ला, टेक्निशियनच्या मायक्रोस्कोपखाली. बल्ब नेण्यात कमीपणा वाटतो हीच खरी अडचण आहे.

ओपीडी_सोमवार
कमीपणा?? सर, आता खिडकीतून बल्ब आत जातो आणि कागद बाहेर येतो. मायक्रोस्कोप कुठल्या भिंतीआड आहे तेही मला ३ वर्षांत कळलं नाही. तुम्ही शिकलात ते स्लाइड बघून. आमच्या वाट्याला तुमचा फक्त जिना आलाय.

नाइट_सिस्टर
हे मात्र बरोबर बोललात.

घोणस_आणि_मी
सगळे मोठ्या कॉलेजबद्दलच भांडताय. मी डीआरपीचे, म्हणजे रेसिडेन्सीतल्या सक्तीच्या जिल्हा पोस्टिंगचे ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढले, शिव्या देत गेलो होतो. घोणस चावलेला आला की काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. गोठलं नाही तर एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध. घड्याळ लावून मीच बसायचो, कारण दुसरं कोणी नव्हतंच. कॉलेजात एवढा निवांत एका पेशंटशेजारी कधी बसलो नव्हतो.

थिसिसग्रस्त
थिसिसबद्दल कोणीच का बोलत नाही? तो पेशंटच्या माहितीचा प्रोफॉर्मा काय ड्यूटीत भरायचा?

जुना_रजिस्ट्रार
थिसिसला वेगळा धागा काढा.
ते २० मिनिटांचं उदाहरण चांगलं आहे. खाटेशेजारी बसा एवढंच मी म्हणत होतो, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण. असो. ८० तासांना माझी हरकत नाही. मामा भरा, दोन टोळ्या करा, पण रात्री घेतलेला पेशंट सकाळच्या राउंडला त्याच मुलाने सांगायचा.

ओपीडी_सोमवार
सांगेल, आणि मग घरी जाऊन झोपेल. म्हणजे ‘नाजूक’ मागे?

जुना_रजिस्ट्रार
नाही.