मदत हवी आहे: वटवाघळांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड होत नाही, शुक्रवारपर्यंत हवंय

सुरंगी:
रात्री खाणं शोधताना वटवाघळं एकमेकांशी जे बोलतात, ते रेकॉर्ड करून शाळेत मुलांना ऐकवायचं आहे. मोबाइल ठेवून बघितला. फाइलमध्ये नुसते रातकिडे आणि समुद्राची गाज. कुठलं अ‍ॅप घेऊ? आणि मुलांचा एक प्रश्न आहे: एकाला खाणं सापडलं की ते बाकीच्यांना हाक मारतं का? प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात हे मला माहीत आहे, कृपया तेच परत सांगू नका.

खाडीकाठ:
कुठली वटवाघळं? मोठी फळं खाणारी, की छोटी किडे खाणारी? झाडावर की दिव्याभोवती? मोबाइल नेमका कुठे ठेवला होता? एवढं तरी सांगा.

घोलवडचा_बागायतदार:
आमच्याकडे चिकूच्या हंगामात ही रात्रभर बागेत असतात. अर्धवट खाल्लेली फळं सकाळी गोळा करताना जीव जातो. जाळी लावा, पण बारीक नायलॉनची पातळ जाळी नको, पंख अडकून मरतात. जाड दोऱ्याची, ताणून बांधायची. फटाक्यांनी दोन रात्री जातात, तिसऱ्या रात्री परत हजर.

खाडीकाठ:
दादा, त्यांनी हाकलायचं कसं ते विचारलेलंच नाही.

आवाठातला:
बाय, ती हाक नाय, भांडाण आसा. आमच्या पेराच्या झाडार रातभर चिरचिर चालू आसता. एक फांदी धरून बसला की दुसऱ्याक येवक देणा नाय.

निवृत्त_मास्तर:
मी याच्याशी सहमत नाही. आमच्या परसातल्या उंडीवर आधी एकच येतं, ओरडतं, आणि थोड्या वेळात पाच-सहा जमतात. हाक मारल्याशिवाय कशी जमतील?

रातवा:
मास्तर, फळ पिकल्याचा वास सगळ्यांनाच येतो. मोठी वाघळं नाकाने आणि डोळ्याने खाणं शोधतात, ती प्रतिध्वनीवर चालतच नाहीत. त्यातून पहिल्याचा आरडाओरडा लांबवर ऐकू जातो, मग बाकीची त्या दिशेने येणारच. पण ऐकून येणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. ओरडणारं वाघूळ बहुतेक वेळा शेजारच्याला 'लांब हो' म्हणत असतं.

तेल अवीव विद्यापीठातल्या योसी योवेल यांच्या गटाने 2016 मध्ये इजिप्तच्या फळं खाणाऱ्या वटवाघळांचे जवळपास 15,000 आवाज तपासले. बरेचसे आवाज भांडणाचे होते: खाण्यावरून, झोपायच्या जागेवरून, फार जवळ येऊन बसल्यावरून, नराने नको असताना केलेल्या लगटीवरून. आपल्या कानाला सगळी चिरचिर एकसारखी लागते, पण त्या आवाजांवरून कोण ओरडतंय, भांडण कशावरून आहे आणि काही प्रमाणात कोणाला उद्देशून आहे, हे संगणकाला ओळखता आलं. आपल्याकडच्या जुन्या विहिरींत आणि गुहांमध्ये राहणारं एक फळं खाणारं वटवाघूळ त्याच प्रजातीगटातलं आहे.

सुरंगीताई, खाडीकाठ यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या ना. त्यावर सगळं अवलंबून आहे.

सुरंगी:
देवगड तालुका. मोबाइल जेटीवर ठेवला होता, दिव्याच्या खांबाला टेकवून. मला छोटी हवी आहेत, दिव्याभोवती फिरणारी. मोठी घरामागच्या बदामावर येतात, त्यांचा कलकलाट तर कोणीही रेकॉर्ड करेल, त्यात काय विचारायचं?

रातवा:
मग कुठलंच अ‍ॅप कामाचं नाही. मोबाइल साधारणपणे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेतो, म्हणजे त्याच्या निम्म्या, 24,000 हर्ट्झच्या वरचं त्याला पकडता येतच नाही. छोट्यांचे शिकारीचे आवाज बहुतेक त्याच्या वर असतात. वटवाघळांसाठीचा डिटेक्टर लागेल, किंवा ऑडिओमॉथसारखं रेकॉर्डर. ते सेकंदाला 384,000 नमुन्यांपर्यंत घेतं. नंतर फाइल दहापट हळू चालवायची. 40,000 हर्ट्झचा आवाज 4,000 वर येतो आणि वर्गातल्या साध्या स्पीकरवर ऐकू येतो.

आता मुलांचा प्रश्न. छोटं वटवाघूळ फिरताना थांबून थांबून टक, टक, टक करतं. किडा टप्प्यात आला की टकटक जवळजवळ येते आणि शेवटच्या क्षणी सेकंदाला दोनशेच्या आसपास जाते, एक सलग झर्रर्र. हा आवाज ते स्वतःसाठी काढतं, पण शेजारी तो ऐकतात आणि इथे किडे आहेत हे त्यांना कळतं. इस्राएलमध्ये उंदरासारख्या लांब शेपटीच्या वटवाघळांच्या पाठीवर छोटे मायक्रोफोन लावून हे तपासलं होतं, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. गर्दी माफक असेल तर फायदा होतो, फार झाली की एकमेकांना चुकवण्यातच लक्ष जातं.

निवृत्त_मास्तर:
म्हणजे हाक मारणं नाहीच असं तुमचं म्हणणं?

रातवा:
तसं नाही. त्रिनिदादमध्ये भाल्यासारख्या नाकाची एक मोठी जात आहे. त्यांच्या माद्या गटाने राहतात आणि कर्कश ओरडून आपल्या गटाला खाण्याच्या जागी एकत्र ठेवतात. ती खरी हाक, आणि गटात राहून ती ओरड एकसारखी होत जाते. उलट अमेरिकेतल्या मोठ्या तपकिरी वटवाघळाचा नर किड्यावर हक्क सांगणारा आवाज काढतो, तो ऐकून दुसरं बाजूला होतं. मेक्सिकन मुक्तपुच्छ नावाचं वटवाघूळ त्याहून पुढे: दुसरं किड्यावर झेपावत असताना हे नेमकं त्याच्या झर्ररमध्ये आपला आवाज घुसवतं आणि त्याचा नेम चुकवतं. 2014 मध्ये हे सिद्ध झालं. मुलांना हे जरूर सांगा, त्यांना हेच सगळ्यात आवडेल. तुमच्या जेटीवरची कुठली जात आहे ते मात्र रेकॉर्डिंग बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

काळजीवाहू_आई:
मुलांना वटवाघळांजवळ नेऊच नका! निपाह विसरलात का? महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्येसुद्धा सापडलं होतं.

रातवा:
2020 मध्ये तिथे पकडलेल्या काही वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडं आढळली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ती तपासली होती. वटवाघूळ हातात धरू नये, उष्टं फळ खाऊ नये, एवढं पाळलं की जेटीवर उभं राहून ऐकण्यात भीती नाही. वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कित्येक वर्षं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. आता मुलांच्या मनात नव्याने भीती घालू नका, ही कळकळीची विनंती.

काळजीवाहू_आई:
उष्टं फळ उचलू नये हे मात्र वर्गात सांगाच.

वेंगुर्लेकर:
जेटीवर येणाऱ्या पाकोळ्या तर नाहीत ना? समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात, त्याही अंधारात टकटक आवाज काढून वाट शोधतात आणि तो आपल्याला साध्या कानाने ऐकू येतो. पक्षी असून! घरट्यांची चोरी व्हायची तिथे, फार वाईट प्रकार होता तो.

खाडीकाठ:
रात्री दहाला दिव्याभोवती पाकोळ्या नसतात हो.

सुरंगी:
वटवाघळंच आहेत, कान दिसतात. डिटेक्टर शुक्रवारपर्यंत कुठून आणू? ऑनलाइन पुढच्या आठवड्याची तारीख दाखवतंय.

रातवा:
एक उपाय आजच करता येईल. मोठ्यांना 'त्यात काय' म्हणून सोडू नका. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घरामागच्या बदामावर आहे आणि ते मोबाइलवर येतं. फक्त फोनमधलं आवाज स्वच्छ करण्याचं सेटिंग बंद करा, ते माणसाचं बोलणं ठेवून बाकीचं कापतं. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात घ्या. फोन खोडाला बांधू नका, पानांची सळसळ येते. थोडा लांब, कापडावर ठेवा. मग संगणकावरच्या ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये आवाजाचा आलेख मुलांना दाखवा: नुसतं येऊन बसताना काय येतं आणि दुसरं त्याच फांदीवर उतरताना काय येतं. ऐकताना एक मूल आवाज मोजेल, दुसरं झाडावर काय चाललंय ते लिहील.

खाडीकाठ:
आणि मुलांना जेटीवर न्याच. काही वटवाघळांचे आपसातले आवाज शिकारीच्या आवाजांपेक्षा खालच्या पट्टीत असतात, लांबवर जातात. मुलांना आपल्यापेक्षा वरचं ऐकू येतं. मला माझ्या पुतणीमुळे कळलं, ती म्हणायची 'चिक् झालं', मला काही नाही.

कुडाळचा_भटक्या:
ऑडिओमॉथ माझ्याकडे आहे. बुधवारी संध्याकाळी देवगडला कामासाठी येतोय, एसटी स्टँडवर देईन, पुढच्या आठवड्यात परत द्या. मेमरी कार्ड आत आहे. पेन्सिल सेल तीन लागतात, ते नवे घेऊन ठेवा. पावसाची चिन्हं असतील तर जेटीच्या छपराखाली लावा, पण पत्र्याला चिकटवू नका, थेंबांचा आवाज सगळं खाऊन टाकतो.

सुरंगी:
घेते. बुधवारी किती वाजता?