मदत हवी आहे: सुपारीच्या कोळेरोगावर काम केलेल्या कोलमनसाहेबाबद्दल

नमस्कार मंडळी, आम्ही श्रीवर्धनकडचे, घरची पोफळीची वाडी आहे. भाचीला कॉलेजात बुरशीशास्त्रज्ञावर प्रोजेक्ट करायचाय आणि मीच तिला लेस्ली कोलमन सुचवला. हा माणूस कॅनडाचा, 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात आला, तिथल्या शेतीखात्याचा प्रमुख झाला आणि 1910 मध्ये कोळेरोगावर त्याचं बुलेटिन निघालं. पावसात कोवळी सुपारी सडून गळते ना, तेच. तो रोग करणाऱ्या बुरशीला फायटोफ्थोरा म्हणतात, आता ती खरी बुरशी धरत नाहीत म्हणे, पण तेव्हा धरायचे, त्यामुळे सरांनी हरकत घेऊ नये एवढीच इच्छा.

आपण अजूनही या रोगावर पावसाआधी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारतोच की, 100 लिटरला एकेक किलो.

तर त्याच्या आयुष्यावर मराठीत काही वाचायला मिळेल का? शिवाय आपल्याकडे, म्हणजे दिवेआगर, गुहागर, खाली वेंगुर्ल्यापर्यंत, बोर्डो पहिल्यांदा कधी आलं, त्याआधी लोक काय करायचे, औषध धुऊन जाऊ नये म्हणून राळ घालायचे का, हे कोणाच्या घरी जुन्या माणसांना विचारता आलं तर प्लीज विचारा. कन्नड वाचणारं कोणी असेल तर सोन्याहून पिवळं, तिकडे त्याच्यावर नक्की लिहिलं असणार.